गोलकीपर सोडून दहा

फोन आला तेव्हा तो कुणाच्या तरी खालच्या जबड्यात शेवटची दाढ बसवत होता. जबडा प्लास्टरचा, हिरडी गुलाबी मेणाची आणि दाढ करंगळीच्या नखाएवढी. अशा वेळी फोन घ्यायचा नसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण क्लबचं नाव दिसलं आणि हात आपसूक गेला. पलीकडे वकील होता. वकील म्हणजे खरा वकील नव्हे. तो विमा कंपनीतला कारकून, पण खेळायचा तेव्हा दर फाउलला रेफरीशी हुज्जत घालायचा म्हणून वकील, आणि आता त्याच तोंडाच्या बळावर क्लबचा चिटणीस होऊन बसलेला. "रविवारी सकाळी दशकाचा संघ निवडायचाय," वकील म्हणाला. "जुने सगळे येतायत. तूही ये. आणि हे बघ, तू दहाच नावं तयार ठेव. गोलकीपर आम्ही सगळ्यांच्या वतीनं लिहून टाकलाय." कोण, हे त्यानं विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. तो "बरं" म्हणाला, फोन ठेवला आणि चिमटा पुन्हा हातात घेतला, तर दाढ वाकडी बसलेली. मेण तापवून त्यानं ती काढली, पुन्हा बसवली, तरी वाकडीच. एवढ्या वर्षांत त्याच्या हाताखालून किती जबडे गेले असतील कोण जाणे, पण एका दाढेनं असं कधी छळलं नव्हतं.

गोलकीपर सोडून दहा. त्याला काय खटकलं ते आधी कळेना. बॅकला सांगितलं असतं की बाबा, गोलकीपरचं तू बघू नकोस, तर समजण्यासारखं होतं. पण हा स्वतः गोलकीपर होता, दहा वर्षं होता, क्लबच्या प्रत्येक फोटोत मागच्या रांगेच्या टोकाला हातमोजे घालून उभा होता. आणि त्याला सांगायचं की गोलकीपर सोडून बाकीच्यांचा विचार कर? हे म्हणजे शिंप्याला बोलावून म्हणावं, की कपडे कसे झालेत ते आम्ही ठरवलंय, तू फक्त बूट कसे वाटतात ते सांग. वकिलाच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्याला खुपलं ते नेमकं तेच. वाईट मनानं कुणी बोललं की उलटून बोलता येतं. ज्याला आपण दिसतच नाही, त्याच्यावर चिडायचं तरी कसं? तसं न दिसण्याचं त्याला नवल नव्हतं. त्याचा धंदाच तसा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, तो प्लास्टर ओतून साचे काढायचा, मेणात दात मांडून कवळ्या करायचा आणि डबीत घालून पाठवून द्यायचा. मग कुणी म्हातारा कितीएक वर्षांनी तोंडभर हसायचा आणि लोक म्हणायचे, डॉक्टर चांगला आहे हो. याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, निदान असं तो आजवर धरून चालला होता.

क्लबची रीत मोठी विचित्र होती, आणि ती मास्तरांनी घातलेली. मास्तर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक, आता नाहीत. दर दहा वर्षांनी जुन्या खेळाडूंनी एकत्र जमायचं आणि आपण खेळलो त्या दशकात शहराच्या लीगमध्ये जे जे खेळले, आपले असोत की समोरच्यांचे, त्यांतून प्रत्येकानं आपापला संघ निवडायचा. कागद चालत नसे. उभं राहून गोलकीपरपासून लेफ्ट विंगपर्यंत तोंडानं म्हणायचा. मास्तर म्हणत, जो संघ तुला तोंडपाठ नाही तो तुझा नाहीच, तो तू कुणाकडून तरी उचललायस. अडखळला की खाली बसवत. या वेळी त्यात आणखी एक शेपूट लागलं होतं. गोलच्या मागे नवी गॅलरी बांधून झाली होती, आणि जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकच नाव आलं तर ते गॅलरीला द्यायचं असं कमिटीनं ठरवलं होतं. एकमत झालं तरच. नाहीतर गॅलरी आपली नुसतीच गॅलरी. एकमत कुणावर व्हायचं यावर कमिटीत आधीच एकमत झालेलं असल्यामुळे वकिलानं लिहूनही टाकलं होतं. पुढाऱ्यांच्या निवडणुका काय वेगळ्या होतात?

संध्याकाळी तो चालत घरी निघाला आणि वाटेत दहा जण एकामागून एक येऊन उभे राहिले. त्यांना बोलवावंही लागलं नाही. मधला बॅक मामा, जो समोरच्या फॉरवर्डला "ये भाच्या, ये" म्हणत अंगावर घ्यायचा आणि चेंडू काढून घेतल्यावर त्याची पाठ थोपटायचा. त्याच्या शेजारी समोरच्या क्लबचा मौनी, कारण मामासारख्या बोलघेवड्याजवळ न बोलणारा माणूसच लागतो. नाहीतर दोघं मिळून गप्पाच मारत बसतील. हाफमध्ये वकील. हो, वकीलसुद्धा, कारण राग एकीकडे आणि खेळ एकीकडे, आणि वकील तोंड चालवता चालवता पाय असे चालवायचा की बघत राहावं. पुढे पोस्टमन. तो खरोखरच टपाल वाटायचा, आणि चेंडूही तसाच ज्याचा त्याच्या पायात नेऊन द्यायचा, आणि कुणी घेणारा नसला तर स्वतःच गोलमध्ये टाकून यायचा. डाव्या कडेला तिरप्या, ज्याला सरळ पळताच येत नसे. तो कोपऱ्याकडे निघाला की गोलपाशी पोचायचा, आणि त्याला अडवणारे बिचारे कोपऱ्यात वाट बघत राहायचे. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून जाताना त्याला हसू आलं. किती वर्षांनी त्याच्या डोक्यात इतकी माणसं एकदम खेळत होती. दुकानांचे दिवे लागले होते, कुणी शटर ओढत होतं, एक बाई कुत्र्याला ओढत होती की कुत्रा तिला, आणि या सगळ्यातून ते दहा जण त्याच्या पुढे पुढे पळत होते. मग त्यांच्यातल्या मामानं मागे वळून पाहिलं, आणि त्यानंही पाहिलं. गोल मोकळा होता. दोन खांब, वर आडवा दांडा, मागे जाळी, आणि मध्ये कुणी नाही. आणि हे सगळं त्याला बाजूनं दिसत होतं, मैदानाच्या कडेच्या बाकावरून, थोडंसं तिरकं. त्याच्या लक्षात आलं, की त्याच्या डोक्यातल्या प्रत्येक मॅचमध्ये तो तिथेच बसलेला असतो. स्वप्नातसुद्धा.

वकिलानं लिहून टाकलेलं नाव कुलपाचं. कुलूप आणि तो एकाच वर्षी क्लबात आले. कुलूप उंच, लांब हातांचा, हसरा. मास्तरांनी दोघांनाही बघितलं आणि कुलपाला गोलमध्ये उभं केलं. तेव्हा दोघांत डावंउजवं करण्यासारखं काही नव्हतं, पण एकाला उभं करायचं म्हणजे दुसऱ्याला बसवायचं, आणि एकदा बसलेला माणूस बसलेलाच बरा दिसू लागतो. पहिल्या वर्षी कुलपानं एकही गोल होऊ न देता लागोपाठ मॅचेस काढल्या, म्हणून पोरांनी त्याचं नाव कुलूप ठेवलं. मग ओघानंच याचं नाव कडी पडलं. कुलूप नसेल तर कडी घालायची. पण कुलूप नसण्याची वेळ येईल तर ना. एक रविवार सोडला तर कुलूप कधी पडला नाही, मुरगळला नाही, त्याला कधी साधं पडसं झालं नाही. दुसऱ्याच्या अंगात ताप यावा म्हणून वाट बघणं हा काही चांगुलपणा नव्हे, पण राखीव गोलकीपरचा धंदाच तो. शनिवारी कुलूप शिंकला तर कडीचं काळीज हलायचं, आणि मग त्याची त्यालाच शरम वाटून तो स्वतः जाऊन कुलपाला गरम पाणी आणून द्यायचा. आणि कुलूप ते घेऊन म्हणायचा, "कडी, तू आहेस म्हणून मी आहे बघ." हे तो मनापासून म्हणायचा. कुलपाचा द्वेष करता आला असता तर कडीचं आयुष्य पुष्कळ सोपं झालं असतं.

आणि ते वाक्य खोटंही नव्हतं, कारण गुडघ्याची गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. बाकावर बसून दुसरं करायचं काय, म्हणून कडी पेनल्टी मारणाऱ्यांचे पाय बघत असे. मारणाऱ्याचा दुसरा पाय, ज्यावर तो उभा असतो तो, खोटं बोलत नाही. त्याचा अंगठा जिकडे, चेंडू तिकडे. हे कळल्यावर त्यानं कुलपाला सांगितलं, पण कुलूप म्हणाला की मला त्या वेळी काही दिसत नाही रे, नुसता चेंडू दिसतो. मग असं ठरलं की कडीनं आधीच्या मॅचेस बघून ठेवायच्या आणि मारणारा पुढे आला की आपला एक हात गुडघ्यावर ठेवायचा. डावा तर डावीकडे, उजवा तर उजवीकडे. कुलूप बाकाकडे एक नजर टाकायचा आणि उडी घ्यायचा. पेनल्टी अडवणारा म्हणून त्याचं नाव दूरदूर गेलं. वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं तेव्हा कुलूप म्हणाला, "अंदाज असतो, दुसरं काय." कडीनं ते वाचलं, पेपर घडी करून ठेवला आणि पुढच्या रविवारी पुन्हा गुडघ्यावर हात ठेवला. मैत्री होती, क्लब होता. बोलायचं कशाला?

मग ती मॅच. सगळ्या दहा वर्षांतली कडीची एकमेव रविवारची मॅच. त्या दिवशी कुलपाला खरोखरच ताप होता, डोळे लाल, अंगावर रजई. कडीनं आपलं जाकीट काढून बाकावर ठेवलं आणि तो गोलकडे चालत गेला. मैदान किती मोठं आहे ते त्याला प्रथमच कळलं, आणि भीती वाटण्याऐवजी काहीतरी वेगळंच वाटलं. घरी आल्यासारखं म्हणा. पहिल्याच हल्ल्यात समोरच्या लंबूनं लांबच्या खांबाकडे हेडर मारला, चेंडू जमिनीवर आपटून वर उसळला, आणि कडीनं अंग वळवून मधल्या बोटाच्या टोकानं तो दांड्यावरून बाहेर काढला. लंबू डोकं धरून उभा राहिला. नंतर पावसाळी गवतावरून सरपटत आलेला एक, मग दोघांच्या पायांमधून आलेला, मग एकटा सुटलेला फॉरवर्ड, ज्याच्या पायावर कडीनं स्वतःला झोकून दिलं आणि ओठ फोडून घेतला. सगळं त्याच्या बोटांत, बरगड्यांत अजून होतं. दाढ बसवताना कधीकधी मधलं बोट उगाच ठणकायचं आणि तो क्षणभर चिमटा खाली ठेवायचा. मॅच संपत आली, गोल नाही, आणि मामाच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी. मारणारा पुढे आला. कडी दांड्याखाली उभा राहिला, आणि त्यानं मान वळवून बाकाकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. पेनल्टी आली की गोलकीपर बाकाकडे बघतो. बाकावर त्याचं जाकीट होतं, बाह्या खाली लोंबत होत्या. त्यानं मान सरळ करेपर्यंत चेंडू त्याच्या उजवीकडून जाळीत गेलेला. असली चूक जगात दुसऱ्या कुणी करणं शक्य नाही, हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याला तिथे गोलमध्ये उभ्या उभ्या हसू आलं. ते हसू सगळ्यांनी बघितलं. मॅच हरले. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की कडी पेनल्टीला भलतीकडेच बघत होता आणि वर हसत होता. पुढच्या रविवारी कुलूप बरा झाला.

शुक्रवारी कुलूप स्वतः प्रयोगशाळेत आला. केस पांढरे झालेले, पण दारातून आत येताना अजून मान खाली घालावी लागते. त्यानं टेबलावरचे जबडे बघितले, एक उचलून उघडमीट केला आणि म्हणाला, "हा बोलतोय की काय?" दोघं हसले. मग कुलूप स्टुलावर बसला आणि गुडघे चोळत राहिला. "रविवारी येतोयस ना?" त्यानं विचारलं. "गॅलरीचं तुला कळलंच असेल. मला असं काही मागायला आवडत नाही, तुला माहितीय. पण आता वय झालं. मुलगा परदेशी, तिथे कुणाला माहिती मी काय होतो? नातवंडं येतील तेव्हा दाखवायला काहीतरी असावं, एवढंच." कडी म्हणाला, "येतो ना." कुलूप म्हणाला, "तू बाकावर असायचास म्हणून धीर असायचा रे मला." आणि त्याचा लांब हात कडीच्या खांद्यावर आला, तोच हात, जड आणि ऊबदार. त्या क्षणी कडीनं मनातल्या मनात त्याला गॅलरी देऊन टाकली होती. घे बाबा, तुझीच आहे. कुलूप गेल्यावर त्यानं तो जबडा पुन्हा जागेवर ठेवला आणि मग त्याला आठवलं, की कुलपानं गुडघ्यावरच्या हाताचा विषय काढला नाही. काढेल असं आपल्याला वाटत होतं, हेही त्याला तेव्हाच कळलं.

बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, दिवसभर उभी राहून आलेली, तरी इस्त्री करताना उभीच. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मग म्हण ना कुलूप," ती म्हणाली. "सगळेच म्हणणारेत."

"म्हणतील."

"तुझ्या एकट्याच्या नाहीनं त्याची गॅलरी जाईल. तुला त्यातलं काय मिळणारे? वीटसुद्धा नाही."

"नाही मिळणार."

"मग निदान ते गुडघ्याचं तरी सांग सगळ्यांना. कळू दे लोकांना."

हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं, बऱ्याचदा. उभं राहायचं आणि सांगायचं. पण सांगितल्यावर काय होईल ते त्यानं इतक्यांदा बघितलं होतं की सांगण्यात राम उरला नव्हता. "सांगितलं तर लोक म्हणतील, वा, बाकावर बसून केवढं काम केलं यानं," तो म्हणाला. "म्हणजे मी परत बाकावरच. आधी मुका होतो, आता बोलका, एवढाच फरक."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "मला एक सांग. तुला खरंच वाटतं, तू त्याच्यापेक्षा चांगला होतास?"

"हो."

तो शब्द खोलीत पडला आणि दोघांनीही त्याच्याकडे जरा बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. राखीव माणसानं मनातसुद्धा असं म्हणायचं नसतं, नाहीतर पुढच्या रविवारी बाकावर बसवत नाही. त्याला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "मग तसं म्हण. पण लाजत लाजत म्हणू नकोस. लाजत म्हणालास तर लोक कीव करतील, आणि लोकांनी कीव केली की तू महिनाभर माझं डोकं खाशील."

अंथरुणावर पडल्यावर तो स्वतःशीच भांडला. हा मत्सर असेल तर? असेलही. मत्सर नाही असं म्हणणाऱ्या राखीव गोलकीपरवर विश्वास ठेवू नये. पण मत्सर असला म्हणून हिशोब चुकतो असं थोडंच आहे. त्याला सरावाचे दिवस आठवले. मास्तर दोन बाजू पाडायचे. पहिला संघ एका बाजूला, उरलेले दुसऱ्या. कुलूप पहिल्या संघाच्या गोलमध्ये, म्हणजे त्याच्यावर मारणारे सगळे उरलेसुरले. आणि उरलेल्यांच्या गोलमध्ये कडी, म्हणजे त्याच्यावर मारणारे पोस्टमन, तिरप्या आणि ती सगळी मंडळी, ज्यांची नावं आता जो तो रविवारी घेणार होता. शहरातले सगळ्यात चांगले फॉरवर्ड आपल्या क्लबात होते, यावर तर कुणाचं दुमत नव्हतं. मग कुलपानं त्यांना कधी तोंड दिलं? कधीच नाही, तो त्यांच्याच बाजूचा. त्यांना रोज तोंड दिलं ते एकट्या कडीनं. चिखलात, थंडीत, बघायला कुणी नाही, टाळ्या नाहीत. पोस्टमन म्हणायचा, कडीला एक मारला की रविवारी दोन नक्की. ही गोष्ट इतकी सरळ होती, आणि दहा वर्षांत ती कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्याच्याही नाही. त्याला एकदम गरम झालं आणि त्यानं पांघरूण पायानं लोटून दिलं. कुलूप चांगला माणूस होता. चांगला गोलकीपरही होता. पण संघ माझा आहे, तो म्हणाला, बहुधा मोठ्यानंच, कारण बायकोनं झोपेत "बरं" म्हटलं.

रविवारी क्लबच्या जेवणघरात टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. ओल्या मोज्यांचा जुना वास तिथून काही गेलेला नव्हता. सगळे आले होते, कुणी काठी घेऊन, कुणी नवे दात घेऊन, आणि त्यातले दोन दात कडीच्या हातचे होते. पण ते त्यानं सांगितलं नाही. वकील पुढे टेबलाशी बसून लिहून घेत होता. एकेक जण उठायचा. "गोलकीपर धरलेलाच आहे, पुढे चल," वकील म्हणायचा, आणि उठलेला बॅकपासून सुरू करायचा. कुलूप पहिल्या रांगेत कडेला बसला होता, दर वेळी जरा मान खाली घालून. मामा अडखळला, त्याला खाली बसवलं, सगळे हसले. पोस्टमननं आपल्याच क्लबातले सगळे घेतले आणि शिव्या खाल्ल्या. मग कडीची पाळी आली.

तो उठला. "गोलकीपर," त्यानं सुरुवात केली.

"ते झालंय रे. पुढे."

"मी."

"तू काय?"

"गोलकीपर मी."

आधी शेवटच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळेच. मनात काही न ठेवता, जुन्या दोस्तीनं. वकीलही हसला. "झाला विनोद. आता बॅक सांग."

"विनोद नाही," कडी म्हणाला. बायकोचं वाक्य त्याला पाठ होतं. "तू लिहिलंयस ते माझ्यापुरतं खोड."

हसणं एकदम थांबलं नाही, ते ओसरत गेलं. वकिलातला वकील जागा झाला. "अरे, मॅच एक खेळलास. तीही घालवलीस. लाज बाळग थोडी."

"रविवारची एक खेळलो. बाकी रोज खेळलो. तुमच्यातले सगळे उत्तम फॉरवर्ड आठवडाभर कुणावर मारत होते? कुलपावर? तो तर तुमच्यात होता." त्यानं कुलपाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बहुतेक खाली बसला असता. "मला माझा संघ विचारलाय. क्लबचा नाही, गॅलरीचा नाही. माझा. तर गोलकीपर मी." आणि कुणी पुन्हा तोंड उघडायच्या आत त्यानं बाकीचे दहा सांगून टाकले. मामा, मौनी, सगळे. वकिलाचं नावही घेतलं, आणि तिरप्यापाशी येऊन थांबला. एकदाही अडखळला नाही. कुणी टाळी वाजवली नाही. पोस्टमन आपल्या बुटांकडे बघत होता. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं, पण बोलला नाही, आणि कडीला आश्चर्य याचं वाटलं की त्यावाचून अडलं नाही. तो खाली बसला.

सगळ्यांत शेवटी कुलूप उठला. खोली आपोआप शांत झाली. तो उठला की नेहमी होते तशीच. कुलपानं घसा साफ केला. "गोलकीपर," तो म्हणाला, आणि थांबला, आणि मग हळूच म्हणाला, "कडी."

काय टाळ्या पडल्या. खुर्च्या सरकल्या, माणसं उभी राहिली, मामानं तर डोळे पुसले. मन असावं तर असं, कुणीतरी म्हणालं. कडी बघत राहिला. त्याचं नाव घेतलं गेलं होतं, आणि टाळ्या कुलपासाठी होत्या. एवढ्या टाळ्या त्यानं उभ्या जन्मात इतक्या जवळून ऐकल्या नव्हत्या, आणि याही त्याच्या नव्हत्या. कुलपाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, कडीनं ते नीट पाहिलं. कुलपानं मनापासून दिलं होतं, आणि त्याचा राग यायला कडीला क्षणाचाही उशीर लागला नाही. ज्याच्याजवळ सगळं आहे त्याला द्यायलाही येतं, आणि दिल्याचंही त्याचंच नाव होतं. त्याच वेळी कुलपाला जाऊन मिठी मारावी, असंही त्याला वाटलं. दोन्ही वाटलं.

"बघ," वकील म्हणाला, आता आवाज मऊ करून. "बघितलंस त्याचं मन? त्याचं स्वतःचं मत आपण मोजत नाही. राहिलास तू एकटा. एक नाव बदल, की एकमत. पाटी तयार आहे रे बाहेर."

"राहू दे," कुलूप म्हणाला. "त्याला वाटेल तसं करू दे." यावर पुन्हा थोड्या टाळ्या पडल्या.

सगळ्यांच्या नजरा कडीवर आल्या. प्रेमळ नजरा, आणि त्यांचं वजन असं की माणूस हसून मान डोलावेल आणि पुढची सगळी वर्षं शहाणा म्हणवून घेईल. तो पुन्हा उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "त्यानं माझं नाव घेतलं, ते त्याचं मत. मी परतफेड करायला आलेलो नाही. माझ्या संघात गोलकीपर मी."

वकिलानं पेन टेबलावर आपटलं. कुलूप उभाच होता, लांब हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण आता ते धरून ठेवायला त्याला कष्ट पडत होते. कडीनं ते पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावं इतकं नाही.

"मग मी कुठे रे?" कुलपानं विचारलं. खरंच विचारलं, जसा कुणी मास्तरांना विचारतो. "तुझ्या संघात मी कुठेच नाही?"

"आहेस ना," कडी म्हणाला. "बाकावर. जागा वाईट नाही, मॅच सगळी दिसते."

आणि वकील ते लिहून घेईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.